कॉलरचा चिमटा

आमच्या सासूबाई कामावरून आल्या की मी आधी त्यांच्या कॉलरकडे बघायचे. कामावरचा निळा कोट त्या घरापर्यंत अंगातच ठेवायच्या, आणि त्याच्या कॉलरला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा लावलेला असायचा. तो काढायचं भान या बाईला कधी राहिलं असेल तर शपथ. चिमट्यासकट बँकेत जाऊन आल्या, चिमट्यासकट दवाखान्यात. माझ्या माहेरची माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हा चिमट्यासकट चहा घेऊन बाहेर आल्या. माझी बहीण अजून ते सांगून हसते. मी म्हणायचे, आई, दागिना उतरवा आता. मग त्या 'अगंबाई' म्हणत कॉलर चाचपायच्या आणि चिमटा फ्रीजवर ठेवून द्यायच्या. सकाळी तो पुन्हा कॉलरला.

आमचं दोघींचं काही गुळपीठ नव्हतं. त्यांना माझं बोलणं फटकळ वाटायचं, मला त्यांचं न बोलणं सहन व्हायचं नाही. पण ही हकीकत त्यांची आहे आणि ती मीच सांगणार, कारण त्यांच्यावर सोडलं तर त्या 'झालं ते झालं' म्हणून भाजी निवडायला बसतील.

त्या एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या मशीनवर होत्या. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या. मशीन म्हणजे खाली गादी बसवलेलं टेबल आणि वर तापलेलं जड झाकण. चादर अंथरायची, दोन बाजूंची दोन बटणं दोन हातांनी दाबून धरायची, मग झाकण खाली येतं. बटणं दोन ठेवली होती ती मुद्दाम. दोन्ही हात बटणांवर असले की झाकणाखाली सापडायची भीती नाही. पण दोन्ही हात तिथे गुंतले तर सुरकुती सरळ करणार कोण, आणि ठरवून दिलेला कोटा पुरा होणार कसा? म्हणून उजव्या बटणाच्या कडेत चिमटा खुपसायचा. बटण दाबलेलं राहतं, उजवा हात मोकळा. रांगेतल्या सगळ्या बायका हेच करायच्या. सासूबाईंना ते मुकादमांनी शिकवलं होतं, आणि नवीन आलेल्या बाईला सासूबाई शिकवायच्या. पहिल्या दिवशी स्वतःच्या कॉलरचा चिमटा काढून तिच्या कॉलरला लावून द्यायच्या. तिथली रीतच होती तशी.

शेजारच्या मशीनवर एक ठेंगणीशी बाई लागली, तिलाही त्यांनी असाच लावून दिला. तिला सगळे बुटकी म्हणायचे आणि तीही त्याच नावाला ओ द्यायची. पायाखाली लाकडी खोकं घेऊन उभी राहायची आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. आमच्या घुम्या सासूबाईंना ती कशी काय आवडली देव जाणे, पण घरात कामावरचं काही निघालं तर ते तिचंच असायचं. बुटकी असं म्हणाली, बुटकीने आज मुकादमाची नक्कल केली.

एक दिवस त्या आल्या आणि कॉलर मोकळी होती.

मी विचारलं, चिमटा कुठे पडला? त्या कोट न काढताच खाटेवर बसल्या. मग सांगितलं. बुटकीचा उजवा हात झाकणाखाली गेला होता. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. गाडी फाटकातून बाहेरसुद्धा पडली नव्हती, तेवढ्यात मुकादम हातात बादली घेऊन रांगेतून फिरायला लागला. कुणाला काही म्हणाला नाही. फक्त प्रत्येकीसमोर बादली धरत गेला, आणि प्रत्येकीने आपापला चिमटा काढून तिच्यात टाकला. बुटकीच्या मशीनवरचा त्याने स्वतः काढला.

"सगळ्यात आधी मीच टाकला गं," सासूबाई म्हणाल्या. "का टाकला, ते मला कळलं पण नाही."

पुढच्या दिवसांत तिथे जे जे बदलत गेलं ते त्या रोज थोडं थोडं सांगायच्या. सगळ्या मशीनची बटणं बदलली. जुन्या बटणांच्या कडेला चिमट्यांनी खाचा पडल्या होत्या, नवी अगदी गुळगुळीत. 'दोन्ही हात वापरा' असे फलक भिंतीभर लागले, तेही नवे नव्हेत, कुठल्या तरी कोठीत वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेले, कोपरे वळलेले. कुणीही म्हणावं, हे इथे कायमच होते. आणि मुकादम, जो आजवर आपल्या केबिनमध्ये जेवायचा, तो डबा घेऊन बायकांच्या टेबलावर येऊन बसायला लागला. बोलायचा काही नाही. मान खाली घालून जेवायचा आणि सगळ्यात शेवटी उठायचा. बायकांच्या तोंडाला कुलूप लागलं.

मग लाँड्रीच्या मोठ्या साहेबांनी सासूबाईंना ऑफिसात बोलावलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना खुर्ची दिली, पंख्याचं तोंड त्यांच्याकडे वळवलं, चहा मागवला. साहेबांचं बोलणं साखरेत घोळलेलं. बुटकीने सुरक्षेचा नियम मोडला म्हणून तिला कामावरून काढावं लागलं, फार वाईट वाटतं, पण नियम तो नियम. आता तिने कामगार कार्यालयात तक्रार केली आहे, तिथले अधिकारी पाहणीला येतील. तुम्ही सगळ्यात जुन्या, तुमच्या शब्दाला वजन. चिमटे कधी पाहिलेच नाहीत, एवढंच सांगायचं. मग साहेब उठून सासूबाईंच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले.

"मावशी, तिला हे शिकवलं कोणी, ते आम्ही अजून विचारलेलं नाही," ते म्हणाले. "विचारलं तर प्रकरण पोलिसांत जाईल. आणि तुमचा मुलगा आपलीच गाडी चालवतो ना? चांगला मुलगा आहे."

चांगला मुलगा म्हणजे माझा नवरा. लाँड्रीच्या चादरींची गाडी तोच चालवायचा. हे ऐकल्यावर त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो आईला म्हणाला, तू कशाला त्या भानगडीत पडतेस, नाही म्हण आणि मोकळी हो. मी त्याच्यावर डाफरले, पण खोटं कशाला बोलू, घरातल्या दोन्ही पगारांचा विचार माझ्याही डोक्यातून जात नव्हता.

तरी मी सासूबाईंना बुटकीकडे घेऊन गेले. इतके दिवस त्या गेल्या नव्हत्या. एवढीशी खोली, खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. बुटकीचा हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत बांधलेला. तिची वकीलबाई तिथेच बसली होती, म्हणून बरं झालं. मी सगळं विचारून घेतलं. ती म्हणाली, शिकवलं कोणी हा मुद्दाच नाही. मालकाच्या माणसांना माहीत होतं का, आणि माहीत असून चालू दिलं का, प्रश्न एवढाच. तसं असेल तर जबाबदारी मालकाची, बुटकीला भरपाई मिळेल आणि तिला काढून टाकणंही टिकणार नाही. खरं सांगितलं म्हणून सासूबाईंना त्रास दिला, तर त्याचीही वेगळी तक्रार करता येते. मी म्हटलं, म्हणजे त्रास आधी होणार आणि तक्रार मागून. वकीलबाई सरळ हो म्हणाली. लपवाछपवी नाही केली, एवढं तिचं मानलं मी.

हे चालू असताना सासूबाई भलतीकडेच बघत होत्या. खोलीतल्या दोरीवर कपडे होते आणि त्यांतून फरशीवर पाणी टपकत होतं. एका हाताने पिळता येत नाहीत, म्हणून बुटकीने निथळतेच वाळत टाकले होते. सासूबाई उठल्या. एकेक कपडा खाली घेतला, घट्ट पिळला, झटकला, पुन्हा दोरीवर टाकला आणि चिमटा लावला. शेवटचा चिमटा हातात धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग तोही लावला आणि चपला घालून बाहेर पडल्या.

वाटेत म्हणाल्या, "मी नाहीच म्हणणार आहे. मला भीती वाटते." मी फणकारले, तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि बाजारातून मेथीची जुडी घेतली.

पाहणीच्या दिवशी मी अर्थातच तिथे नव्हते. पण तक्रार बुटकीची म्हणून ती होती, वकीलबाई होती, आणि दोघींनी तो प्रसंग इतक्यांदा सांगितलाय की मला तो पाठ झालाय. अधिकारी सर्दीने बेजार, सारखा रुमाल नाकाला. रांगेतून जात त्याने प्रत्येकीला विचारलं, इथे बटणाला चिमटा लावायचे का? नाही. नाही. नाही. कुणी वर बघेना. सासूबाईंची पाळी आली. बुटकी समोर उभी होती. तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, नाही.

अधिकारी निघालाच होता. दारातून वळून म्हणाला, एकदा मशीन चालवून दाखवा. साहेबांनी अगदी आनंदाने सासूबाईंना पुढे केलं. त्यांच्याइतका सराईत हात दुसरा नाही, असं कौतुकही केलं.

त्यांनी चादर उचलली, झटकली, अंथरली. एका हाताने कडा ओढून घेतल्या. आणि उजवा हात आपसूक वर गेला, कॉलरपाशी. बोटांनी जे धरायचं ते तिथे नव्हतं. तरी ती मिटली, तशीच बटणापर्यंत खाली आली, आणि अंगठ्याने बटणाच्या कडेत हवाच खुपसली. मग हात जागच्या जागी थांबला.

अधिकाऱ्याने रुमाल बाजूला केला. "काय शोधताय?"

साहेब हसत म्हणाले, कॉलर नीट करतायत, वय झालं आता. तेवढ्यावर निभावलं असतं. सासूबाईंनी नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. पण त्यांनी पहिल्यांदाच बुटकीकडे पाहिलं.

"चिमटा," सासूबाई म्हणाल्या. "तिला मी शिकवलं. मला या मुकादमांनी."

ओरडलं कुणी नाही. साहेबांनी त्यांना अगदी मऊ आवाजात सांगितलं, मावशी, लागा कामाला. त्याच संध्याकाळी माझ्या नवऱ्याकडून गाडीची किल्ली मागून घेतली. जेवताना तो आईकडे पाठ करून बसला, आणि मीही त्याला वळायला सांगितलं नाही.

अधिकाऱ्याच्या अहवालावर बुटकीला पुन्हा कामावर घ्यावं लागलं. भरपाईचं प्रकरण पुढे चालू आहे, वकीलबाई म्हणते मिळणार. पण सासूबाईंवर आरोपपत्र आलं. नवीन कामगारांना धोक्याची पद्धत शिकवली, असा आरोप. जे खरं सांगितलं तेच उचलून त्यांच्या गळ्यात अडकवलं. लाँड्रीतल्या लाँड्रीत चौकशी, विचारणारा माणूस साहेबांनीच नेमलेला. वकिलाला आत सोडणार नाहीत, सोबतीला एक कामगार मात्र नेता येतो, तो हक्क आहे. सासूबाईंनी रांगेतल्या सगळ्यांना विचारलं. कुणाच्या घरी कुणी आजारी, कुणी ऐकलंच नाही. शेवटी बुटकी म्हणाली, मी आहे की.

चौकशीच्या दिवशी त्या निघाल्या तेव्हा मी दारात उभी होते. एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते. त्या दिवशी नुसती त्यांच्या मोकळ्या कॉलरची घडी सरळ केली. त्या घरातून बाहेर पडेपर्यंत मला रडायला येईल असं वाटलं नव्हतं.

चौकशीच्या खोलीत जायचं तर इस्त्रीच्या रांगेतूनच जावं लागतं. दोघी त्या वाटेने चालल्या होत्या. बुटकीला आता घड्या घालायच्या टेबलावर बसवलं आहे. तिच्या जुन्या मशीनवर नवीन बाई लागली होती, पहिला आठवडा असेल तिचा. सासूबाई तिच्यापाशी थबकल्या. फलक भिंतीवर तसेच होते. कोटाही तेवढाच होता. आणि त्या बाईच्या कॉलरला, कोटाच्या आतल्या बाजूने, चिमटा होता.

सासूबाईंनी विचारलं, कोणी दिला? ती बिचारी भोळेपणाने म्हणाली, मुकादमांनी, लावल्यावर हात मोकळा राहतो म्हणाले. सासूबाईंनी हात पुढे केला आणि तो काढून घेतला.

आत त्यांना बसवलं. चौकशी करणाऱ्याने आरोप वाचून दाखवला. बाजूला साहेब, त्यांच्यामागे मुकादम. तुम्हीच शिकवलं हे कबूल आहे का? त्या हो म्हणाल्या. आणखी काही सांगायचंय? बुटकी म्हणते, मला वाटलं आता या रडतात. पण त्यांनी मूठ टेबलावर आणून उघडली आणि चिमटा मुकादमाच्या बाजूला सरकवला.

"माझा तुमच्या बादलीत गेला," त्या म्हणाल्या. "हा आज सकाळचा आहे."