गाडीतल्या कोळशाची करणी

त्या वर्षांत आमच्या तिवशाकडच्या भागात कापसाला भाव नव्हता, सोयाबीनला शेंग नव्हती आणि शेतकऱ्याच्या पोराला कोणी पोरगी देत नव्हतं. पहिल्या दोन गोष्टी पाहायला लांबलांबून मोठी माणसं यायची, गाडीतून उतरून ढेकूळ हातात घ्यायची, मान हलवायची आणि हात धुवायला पाणी मागायची. तिसऱ्या गोष्टीवर कोणी साधी समितीही नेमली नाही. मी एकतीस वर्षांचा झालो होतो. सोळा पोरी पाहून झाल्या होत्या, म्हणजे सोळा घरांनी मला पाहून सोडून दिलं होतं. एका ठिकाणी तर "मुलगा काय करतो?" याला "शेती" असं उत्तर ऐकलं आणि पोरीच्या बापानं माझ्या हातातली अर्धी पोह्यांची प्लेट उचलून आत नेली.

यावर उपाय काढला मामानं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. जगातली एकही गोष्ट त्याला विचारून झालेली नव्हती, आणि म्हणूनच जगाचं असं झालं, हे त्याचं ठाम मत.

"भाचे," तो म्हणाला, "पोरीवाले वावर पाहाले येत नाहीत. ते फाटकातून पाह्यतात. फाटकापुढं चारचाकी उभी पाह्यजे."

अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासवाल्या सरांनी आपली जुनी पांढरी पेट्रोल गाडी विकायला काढली होती, ती आणली. गाडी इतकी सभ्य की सुरू आहे की बंद, ते बोनेटवर हात ठेवून पाहावं लागे. गावातून दोन चकरा मारल्या, पण पाराखालच्या एका माणसानं मान वर केली नाही. मामा गाडीच्या मागे उकिडवा बसला, सायलेंसरपुढे तळहात धरला आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे काय बाप्पा? धूरच नाही!"

"नवीन पद्धतीची हाय मामा. धूर सोडत नाही."

"धूर नाही म्हंजे काम नाही. माणसानं घाम गाळला पाह्यजे आन गाडीनं धूर. हे तं बसून खाऊन राह्यली!"

गाडी तिवशाच्या मिस्त्रीचाचांकडे नेली. चाचांनी खाली वाकून पाहिलं आणि सायलेंसरच्या अलीकडच्या फुगीर डब्यावर बोट ठेवलं. "मामू, इसको हाथ मत लगाओ. ये गाडी का जिगर है, लिवर. इंजन का सारा जहर यहीं उतरता है."

"चाचा, गाडीले जिगर असन तं उद्या मुतखडाबी निघन," मामा म्हणाला, आणि गाडी घरी घेऊन आला.

अंगणात कडुलिंबाखाली ऑपरेशन झालं. डबा खोलला, पाइप मी धरला, आणि मामानं विहीर खणायची सब्बल आत घातली. दहा घावांत आतून मधाच्या पोळ्यासारखी, बारीक बारीक भोकांची वीट तुकडे होऊन बाहेर पडली. मामा विजयानं ओरडला, "पाह्य! कंपनीवाल्यानं सायलेंसरात बूच ठोकलं होतं!" त्यातला मुठीएवढा तुकडा मामीनं टाचा घासायला नेला. पुढे कळलं की त्या विटेवर प्लॅटिनमचा मुलामा असतो. म्हणजे सगळ्या वऱ्हाडात प्लॅटिनमनं टाचा घासणारी एकच बाई होऊन गेली, आणि ती आमची मामी.

त्या दिवसापासून गाडीला कंठ फुटला. तिवशात चावी फिरवली की रिद्धपुरातली कबुतरं उडायची. पारावरची मंडळी उठून उभी राहायला लागली. मामा खूश. पण गाडीतल्या काट्यांजवळ एक पिवळा दिवा लागला, त्यावर इंजिनाचं चित्र. मामानं दिव्याचा माग काढत पाइपात खुपसलेला एक वायरवाला खिळा उपटला. दिवा विझला नाही. मग त्यानं आईच्या कपाळावरची टिकली काढून दिव्यावर चिकटवली. "झाला बंद."

खिळा निघाल्यापासून गाडी काळा धूर सोडू लागली आणि पेट्रोल असं प्यायला लागली, जसं उन्हाळ्यात म्हैस पाणी पिते. आता मामा पेट्रोलचा चोर शोधायला निघाला. टाकीपासून निघालेली एक बारीक नळी पुढे इंजिनाजवळच्या काळ्या बंद डब्यात जात होती. "हाच तो! हाच पिऊन राह्यला!" स्क्रू फिरवायच्या पेचकसानं डबा फोडला, उलटा केला, आणि अंगणात ओतला गेला कोळसा.

मामाची बोलती बंद झाली. हे आमच्या खानदानात पहिल्यांदाच घडत होतं. आईनं पदर तोंडावर धरला.

"माय वं! करणी! गाडीत कोळसा कोन ठेवते? म्हनून तं माह्या पोराचं लग्न जमून नाही राह्यलं!"

गाडी आणून पंधरा दिवस झाले होते आणि मी नकार खात होतो पाच वर्षांपासून, पण हा हिशेब ऐकायला कोणी तयार नव्हतं. कोळसा, कुंकू, लिंबू आणि डबा असं सगळं लाल फडक्यात बांधून वर्धा नदीत सोडलं. मागे वळून न पाहता परत आलो. उघड्या नळ्यांपैकी एकीत मामानं कापसाच्या पऱ्हाटीच्या काडीचं बूच ठोकलं, दुसरी विसरला.

आणि बरोबर त्याच आठवड्यात अकोल्याचं स्थळ आलं. मुलीचे वडील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणारे मास्तर. शेती असली तरी चालेल, मुलगा पाहू, असा निरोप. सतरावं स्थळ. घरात सगळ्यांनी एकमेकांना न सांगता ठरवलं होतं की हे शेवटचं; यानंतर मला कोणी पोह्यांना बोलावणार नव्हतं.

आम्ही निघालो. बडनेऱ्यापासून आमच्या मागे एक ट्रक होता, मूर्तिजापूरपर्यंत धुरानं त्याचा रंग बदलला. गाडीत पेट्रोलचा असा वास की आईनं पिशवीत ठेवलेला उदबत्तीचा पुडा मी खिडकीतून फेकून दिला. एक काडी ओढली असती तर वरात तिथूनच स्वर्गात गेली असती.

मास्तरांनी आमचा आवाज अकोला नाक्यावरूनच ऐकला असणार. ते फाटकात उभे होते. "रामराम" झाला, आणि पाय धुवायला पाणी द्यायच्या आधी त्यांनी खिशातून पांढरा शुभ्र रुमाल काढून सायलेंसरपुढे धरला. "जरा रेस द्या पाहुणे." मी दिली. रुमाल काढला तेव्हा त्यावर मध्ये काळा सूर्य उगवला होता.

मामा कौतुकानं म्हणाला, "पाह्यला का दम?"

मास्तरांनी बोनेट उघडलं. काडीच्या बुचाकडे बराच वेळ पाहिलं, जसं डॉक्टर मेलेल्याकडे पाहतात. मग माझ्या आईकडे वळून शांतपणे विचारलं, "ताई, यातला कोळसा कुठं गेला?"

आई दोन पावलं मागे सरकली. कोळशाची गोष्ट आम्ही तिघं आणि वर्धा नदी सोडून कोणालाच माहीत नव्हती.

"भाऊ!" ती मामाला म्हणाली, "चाल इथून! करणी केली तो हाच मानूस हाय!"

"आवो ताई, मी काय करणी—"

"तं मंग तुमाले कसं माईत कोळसा होता?"

मामानं गाडीचं दार उघडलं. शेजारच्या गच्चीवर चार बाया आल्या. मी माझं सतरावं स्थळ गाडीच्या धुरात विरताना पाहत होतो, एवढ्यात आतून मुलगी बाहेर आली. हातात पोह्यांचा ट्रे, तो तिनं सरळ बोनेटवर ठेवला.

"काकू, तो कोळसा कंपनीच ठेवते. प्रत्येक गाडीत असते."

"काहून?"

"उन्हात गाडीची टाकी तापते ना? पेट्रोल उडते, त्याची वाफ होते. ते हवेत गेली तं आपणच ओढतो, छातीत जाते. म्हणून ते वाफ नळीनं कोळशात नेतात. कोळसा वास धरून ठेवते. गाडी सुरू झाली की इंजिन तेच वाफ ओढून घेते आन जाळते. वायाबी जात नाही, नाकालेबी लागत नाही."

आई विचारात पडली. "माह्या सासूबाई कपड्याच्या पेटीत कोळसा ठेवत. कुबट वास येत नसे."

"तेच हाय ते."

आई पायरीवर बसली. मग मास्तरांनी सायलेंसरचा डबा वाजवून पाहिला, तो घागरीसारखा वाजला. आतल्या विटेबद्दल त्यांनी सांगितलं: इंजिनातून जो विषारी वायू निघतो, ज्यानं बंद खोलीत माणूस झोपेतच जातो, तो त्या तापलेल्या भोकांतून जाताना निरुपद्रवी होतो, अर्धवट जळलेलं पेट्रोल तिथं पुरतं जळतं. आणि तो वायरवाला खिळा म्हणजे गाडीचं नाक. धुराचा वास घेऊन ते इंजिनाला सांगतं, पेट्रोल जास्त झालं, कमी कर. नाक कापलं की इंजिन आंधळ्यासारखं पीत राहतं.

"वीट कुठंय?"

"मामीच्या न्हाणीत," मी म्हणालो.

मुलगी हसली नाही. माझ्याकडे सरळ पाहत म्हणाली, "एक इचारू? जे समजत नाही ते काढून फेकायचं, अशी तुमच्या घरची रीत हाय का? उद्या माह्यंही काही समजलं नाही तं?"

गच्चीवरच्या बाया कठड्यावरून पुढे वाकल्या. मामा माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होता: कंपनीवर ढकल, मिस्त्रीवर ढकल. माझ्या तोंडाशी तिवशाच्या चाचांचं नाव आलंही होतं. पण त्या बिचाऱ्यानंच तर हात लावू नका म्हणून सांगितलं होतं.

"मिस्त्री नको म्हणत होता," मी म्हणालो. "सब्बल मामाची होती, पण पाइप मी धरला. मले समजत नव्हतं आन समजत नाही हे सांगाची लाज वाटली."

तिनं बोनेटवरचा ट्रे माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "पोहे थंड होऊन राह्यले."

पोहे खाऊन होईपर्यंत मास्तरांनी निकाल दिला. गाडी इथंच राहील. रविवारी यायचं, स्वतःच्या हातानं दुरुस्त करायची, ते फक्त बाजूला उभे राहतील. मग पाहू.

तीन रविवार मी एसटीनं अकोल्याला गेलो. एका ठोकलेल्या गाडीचा विटेचा डबा मास्तरांनी भंगारातून शोधून आणला, कोळशाचा डबा आणि नाकही. त्या तीन रविवारी मी गाडीखाली पडून जितकं शिकलो तितकं कॉलेजच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो. त्यातही कॉलेजात नटबोल्टचे पाने हातात देणारं कोणी नव्हतं, आणि इथं ती होती. मी चौदा नंबर मागितला की ती बारा द्यायची, आणि बाराच बरोबर निघायचा.

शेवटच्या रविवारी आई आणि मामाही आले. गाडी सुरू केली. मास्तरांनी नवा रुमाल धरला. काळं काही नाही, फक्त दोन थेंब पाणी. मामा दचकला. "पानी गळून राह्यलं! थांबा, मी—"

"मामा," मास्तर म्हणाले, "पेट्रोल नीट जळलं की पाणीही तयार होतं. बसा." मग मुलीकडे वळले. "बोल बाई आता. तुझं काय?"

तिनं हात पुसले. "माह्यं हो हाय. पण एक अट. मामांनी या गाडीले हात लावायचा नाही."

सगळे मामाकडे पाहायला लागले. मामानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली.

"टायरात हवा भरली तं चालन का?"

"मले इचारून."

मामानं टायराकडे नेलेला हात मागे घेतला. मग बारीक आवाजात म्हणाला, "इचारतो." आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं कोणाला काही विचारायचं कबूल केलं, आणि माझं लग्न ठरलं.