अध्यक्षांच्या घराचा पंचनामा

अमेरिकेच्या एका अलीकडच्या अध्यक्षाची खुद्द त्या अध्यक्षापेक्षा जास्त काळजी करणारा माणूस लातुरात, आमच्या गल्लीत राहतो. हे मी उगाच म्हणत नाही. मी शिकवणीत गणित शिकवतो. मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. आमच्या शेजारच्या निवृत्त तलाठीकाकांकडे या एकाच माणसाची नऊ चरित्रं आहेत आणि त्यांतली आठ त्यांनी मांडीवर शब्दकोश ठेवून शेवटच्या पानापर्यंत वाचली आहेत. यातलं एकही त्यांनी नवं घेतलेलं नाही. लातुरात शिकवण्या वाढल्या, तशी पहिल्या आलेल्या मुलांना थोरांची चरित्रं बक्षीस द्यायची पद्धतही वाढली. परीक्षा झाली की मुलं खोल्या सोडून आपापल्या गावी जातात, कुणी नांदेडला, कुणी थेट किनवटला, आणि बक्षिसं चकचकीत कागदासकट रद्दीवाल्याकडे जातात. "सर, तुमची पोरं वाचत न्हाईत म्हणून मी शिकाय लागलो," हे काका मला दर उन्हाळ्यात ऐकवतात.

त्यांची वाचायची रीत मात्र तलाठ्याची आहे. एका लांबरुंद रजिस्टरात त्यांनी प्रत्येक पुस्तकाला एक रकाना दिला आहे. अध्यक्षांच्या आयुष्यातली गोष्ट डावीकडे, आणि कोण काय म्हणतो ते ओळीने पुढे. चरित्रकारांना ते 'पंच' म्हणतात. पंच क्रमांक तीन म्हणतो, लहानपणी घराला जिना होता. पंच क्रमांक पाच म्हणतो, नव्हता. असा फरक सापडला की काका चहा सांगतात. मतं, निवडणुका, लढाया यांत त्यांना फारसा रस नाही. त्यांची मोठी तक्रार एकच. "सहाशे पानं लिवली या गड्यानं, पर घराची चतुःसीमा न्हाई! पूर्वेला कोण राहत व्हतं, पश्चिमेला काय व्हतं, कायबी पत्ता न्हाई. अशानं माणूस कसा कळंल?"

एकदा माझ्या बायकोने विचारलं, "काका, तुम्हाला तिकडं मत द्यायचं हाय का?"

"न्हाई सूनबाई. मला नुसतं त्याचं घर बघायचं हाय."

आणि बाकीच्या वाचकांच्या अगदी उलट, सगळी पुस्तकं एकच सांगू लागली की ते अस्वस्थ होतात. सगळ्या रकान्यांत एकच मजकूर आला की तांबड्या पेन्सिलीने भोवती गोल काढतात आणि दिवसभर पुटपुटत राहतात, "एकानं सांगितलं, बाकीच्यांनी मान हलवली." मला याची गंमत वाटायची. सगळे साक्षीदार जुळले तर उत्तर बरोबर, एवढं सोपं गणित या माणसाला का पटत नाही, असं मी मनात म्हणायचो.

मागच्या वर्षी रद्दीतून आठवं पुस्तक आलं. बारीकसं, अध्यक्षांच्या बालपणीच्या एका शेजारणीने लिहिलेलं. सात जाड पुस्तकांत अध्यक्षांच्या बालपणीच्या घरात चार माणसं होती. ही बाई एकटीच म्हणत होती, पाच. एका उन्हाळ्यात नात्यातली एक मुलगी तिथे राहायला होती. काका दोन दिवस त्या एका ओळीवर अडकून बसले. तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "काका, सातास एक. हिशेब सरळ आहे. चार लिहा आणि पुढं चला."

त्यांनी रजिस्टर मिटलं. "असंच म्हणून मी एकदा चार लिवलं व्हतं, सर," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. भूकंपानंतर तरणे तलाठी असताना त्यांना किल्लारीच्या बाजूच्या एका गावात पंचनामे लिहायला पाठवलं होतं. एका पडलेल्या माळवदी घरापाशी बसलेली बाई म्हणत होती, माझ्या घरातली पाच माणसं गेली. गावचे पाचही पंच म्हणत होते, चार. पाचवी तिच्या बहिणीची मुलगी, आदल्या संध्याकाळी गणपती बघायला आलेली. पंचांपैकी कुणी तिला पाहिलं नव्हतं आणि बहिणीच्या गावात विचारायला माणूस उरला नव्हता. काकांनी पंचांचं एकमत पाहून चार लिहिलं आणि पुढच्या घराकडे गेले. पोर त्या गावच्या कागदात आली नाही, कारण ती तिथे नव्हती. आणि या गावच्या कागदात आली नाही, कारण तिला कुणी पाहिलं नव्हतं.

"ती बाई आहे अजून?" मी विचारलं.

"हाय म्हणत्यात. माझीच जायची हिंमत न्हाई."

पुढच्या रविवारी मीच त्यांना जीपने घेऊन गेलो. काकांनी सोबत कागद म्हणून तेच रजिस्टर घेतलं होतं. पुनर्वसनाच्या नव्या गावातल्या सारख्या घरांच्या ओळीत, ओसरीवर ती म्हातारी शेंगा फोडत बसली होती. काका पायरीखालीच उभे राहिले.

"आई, मी तवाचा तलाठी."

तिने डोळ्यांवर हात धरला. "वळखलं. लई घाईत व्हतास."

काकांनी खाली बसून रजिस्टर उघडलं. आठ रकान्यांपुढे जागा नव्हती, म्हणून समासात रेघ मारून नववा काढला आणि विचारलं, "पोरीचं नाव काय व्हतं?"

म्हातारीने नाव सांगितलं. मग न विचारताच वय सांगितलं, हिरवा परकर सांगितला, रात्री तिला दुसरी भाकरी हवी होती तेही सांगितलं. काका सगळं लिहीत गेले.

"माणसं किती झाली?" तिने विचारलं.

"पाच."

तिने बोटांवर मोजून बघितलं. "हां," म्हणाली. "ह्यो कागद कुठं जाईल?"

"कुठंच न्हाई, आई. माझ्याजवळ राहील."

"राहू दे. पर नीट ठेव." आणि तिने दोन मुठी शेंगा आमच्या पुढ्यात सारल्या.

परवा नववं चरित्र आलं, आतापर्यंतचं सगळ्यांत जाड. काकांनी आधी बालपणाचं प्रकरण काढलं, शब्दकोशही न घेता. आता त्यांना दिसतं कमी. पान डोळ्यांशी धरून बराच वेळ बोट फिरवत होते.

"किती, काका?"

"चारच," ते म्हणाले आणि पुस्तक हळूच खाली ठेवलं. "यानंबी त्या शेजारच्या बाईला विचारलं न्हाई."