खाडीतल्या चार होड्या

वैशाख वद्य द्वितीया, रविवार. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. कोलशेतची खाडी. हजर: ठाकुर्लीचे निवृत्त चित्रकला शिक्षक, विठ्ठलवाडीचे औषधवाले, ज्यांची गोष्ट तपासायची त्या मावशी, त्यांचा धाकटा भाऊ (होडी त्याची) आणि मी, सचिव. गैरहजर: सात. तिघांनी कळवलं, चौघांनी नाही.

वहीत तारखेऐवजी तिथी लिहिण्याची ही पहिलीच वेळ. त्याचं कारण पुढे येईल.

आमचं मंडळ लहान आहे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी डोंबिवलीत माझ्या घरी जमतो. प्रत्येकाने एक विचित्र पण खरी गोष्ट सांगायची, इतिहासातली, कलेतली किंवा लोकांच्या तोंडची. मी ती वहीत उतरवते. रकाने पाच: क्रमांक, गोष्ट, सांगणारा, पुरावा, शेरा. पुरावा म्हणजे आपण डोळ्यांनी पाहिलेली वस्तू. ऐकलंय, वाचलंय, फोनवर आलंय, हे चालत नाही. देवळात टांगलेली क्रूस कोरलेली घंटा आम्ही जाऊन पाहिली. वसईच्या लढाईनंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधून अशा घंटा मराठ्यांनी आणल्या होत्या. दान दिलेली जमीन बळकावणाऱ्याला गाढवाचा शाप देणारा दगड पाहिला. लोक त्याला शेंदूर लावून, देव समजून नमस्कार करतात. शापालाच नवस बोलणारी माणसं फक्त आपल्याकडेच, असं औषधवाले तेव्हा म्हणाले होते. ते असंच बोलतात.

मावशी मंडळात आल्या त्या माझ्यामुळे. आमच्या मुलांच्या शाळेत त्या शिपाई होत्या. माहेर कोलशेतच्या कोळीवाड्यात. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी: खाडीत एका जागी गावातलं कोणीही नांगर टाकत नाही की जाळं लावत नाही. तिथून जाताना वल्हं उचलून धरायचं आणि ओंजळभर पाणी शिंपडायचं. कारण तिथे पाण्याखाली एक दगड उभा आहे, त्यावर चार होड्या कोरल्या आहेत आणि त्यांत आपले पूर्वज लढताहेत. मावशींच्या वडिलांची होडी एकदा तिथे गाळात रुतली. भरती येईपर्यंत ते बसून राहिले आणि तेवढ्या वेळात हाताने चिखल पुसून त्यांनी दगड पाहिला. पुढे आयुष्यभर ते हे सांगत राहिले. गावातली नवी पिढी त्यावर हसायची. बाप्याला ऊन लागलं असेल, म्हणायची.

मावशींनी स्वतः दगड पाहिला नव्हता. त्यांच्या लहानपणी मुलींना होडीत नेत नसत.

माघातल्या अमावास्येला आम्ही तपासायला गेलो. नियोजन माझं. मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मी काढलं, ओहोटीची वेळ ठळक केली, पंधरा मिनिटं आधी पोहोचलो. वेळापत्रकाप्रमाणे पाणी तळाला असायला हवं होतं. तिथे नुसतं गढूळ पाणी संथ वाहत होतं. मावशी म्हणाल्या, थांबा जरा. मी त्यांना घड्याळ दाखवलं. माझ्या यादीत परतीची वेळ लिहिलेली होती आणि यादीबाहेर मी जात नाही.

परतताना औषधवाले म्हणाले, "मावशी, लोक देव पाण्यात ठेवतात हे ठाऊक होतं. तुमचा तर बाहेर यायलाच तयार नाही."

सगळे हसले. मीही हसले. मावशी काठाला लागेपर्यंत मागे वळून त्या जागेकडेच बघत होत्या. घरी येऊन मी शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं: पुरावा मिळाला नाही.

त्यानंतर मावशी तीन सभांना आल्या नाहीत. सलग तीन गैरहजेऱ्या लागल्या की सचिवाने फोन करायचा, हा आमचा नियम. मी केला. गुडघे दुखतात, वगैरे त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "ताई, तुमचा घड्याल मुंबईचा हाय. खाडी आमची हाय."

मी वही उघडून बसले होते. मला नीट सांगा, म्हटलं. मग त्यांनी सांगितलं ते मी शाळेतल्या मुलीसारखं लिहून घेतलं. तिथीला पाऊणने गुणायचं, ती भरतीची वेळ. त्यातून सहा तास वजा केले की ओहोटी. हे झालं समुद्राचं. खाडीतून पाणी उतरायला आणखी तास-सव्वा तास लागतो, कारण मुंबईचं पाणी गेल्याशिवाय यांच्या पाण्याला जायला वाट नाही. शिवाय दगड पाहायचा तर वैशाखातच. या दिवसांत सकाळची ओहोटी सर्वांत खोल असते.

म्हणजे माघात आम्ही तासभर आधीच पाठ फिरवली होती. महिनाही चुकीचा होता. मुंबई बंदराच्या वेळेवर कोलशेतची खाडी रिकामी होईल, असं मी गृहीत धरलं होतं. चूक कुणाची, हे लिहायला वेगळा रकाना लागणार नव्हता.

फोन ठेवण्याआधी मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "माजा बापूस खोटा नव्हता. पन आता मलाच वाटायला लागलंय, खोटा असला तर?"

मी त्यांना तिथी विचारली आणि पुढच्या आठवड्याची बाकी सगळी कामं खोडली.

तर वैशाख वद्य द्वितीया. सामान: मऊ ब्रश दोन, बादली, मग, मोजपट्टी, प्लॅस्टिकच्या पिशवीत वही, थर्मासमध्ये चहा. परतीची वेळ लिहिली नव्हती. भावाने मशीन बंद केलं आणि वल्हं उचलून धरलं. मावशींनी ओंजळ शिंपडली. नांगर टाकायचा नाही म्हणून भावाने लांब बांबू गाळात रोवून होडी धरून ठेवली. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला कोलशेतचे टॉवर, मध्ये आम्ही पाच जण पाण्याकडे बघत बसलेले.

सव्वासातला काळा दगड डोकं वर काढू लागला. त्यावर प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती, ती मी काढून बादलीत टाकली. पावणेआठला वीतभर उघडा झाला. चित्रकलेच्या सरांनी ब्रशने गाळ काढला. कलश दिसला, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य.

औषधवाले म्हणाले, एखाद्या देवळाचा तुकडाही असू शकतो. ते म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणून मी तसं टिपून ठेवलं. मावशींनी माझ्या पेनाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

आठ वाजता पहिली चौकट उघडी पडली. पिंडीसमोर हात जोडून बसलेला माणूस. सर एकदम ताठ झाले. त्यांचा आवाज वर्गातला झाला. "हा वीरगळ आहे. लढाईत पडलेल्या माणसाचा दगड. हा खालून वर वाचायचा. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला घेऊन जातात, वर तो देवापाशी पोहोचतो. आपल्याला पाणी उलटं वाचून दाखवतंय."

आठ-दहाला दुसरी चौकट: चार बायका एका माणसाला हातांवर तोलून उचलताहेत. त्यांचे चेहरे झिजले होते, पण कमरेतला बाक शाबूत होता. पाणी आता बोटबोटभर उतरत होतं. वेळापत्रकाप्रमाणे ओहोटी साडेसातलाच संपली होती.

आठ-पंचवीसला तिसऱ्या चौकटीची वरची कड दिसली आणि पाणी थांबल्यासारखं वाटलं. मी घड्याळ पाहिलं नाही, मावशींकडे पाहिलं. त्या होडीच्या कडेला पोटावर ओणवल्या. भावाने त्यांचा पदर मागून घट्ट धरला. त्यांनी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि दगडावरून हळूहळू फिरवला. डोळे मिटलेले. जाळ्याची गाठ चाचपावी तशी बोटं चालत होती.

"वल्ही," त्या म्हणाल्या. "एक, दोन, तीन..." नवापर्यंत मोजून थांबल्या. "आनि ही नाळ. पुढं वर वललेली. आपल्या होडीला असते तशी."

दहा मिनिटांत पाणी आणखी वीतभर गेलं आणि आम्हालाही दिसलं. टोकदार नाळ, तिरप्या वल्ह्यांची रांग, वर ढाली घेतलेली माणसं. पहिल्या होडीच्या मागे दुसरी. सर सांगत होते की ठाण्याला शिलाहारांचं राज्य होतं, त्या काळी या किनाऱ्यावर आरमारं लढत, म्हणून असे दगड सापडतात. दगडावर अक्षरं नाहीत, त्यामुळे कोण पडला हे कळायचं नाही. मावशींचं तिकडे लक्ष नव्हतं. ओला हात कपाळाला लावून त्या भावाला एवढंच म्हणाल्या, "दिसला ना रे? बाबानं सांगितलेला तसाच हाय."

भाऊ कोलशेतला जन्मला, रोज इथून जातो, त्याने आजपर्यंत वल्हं उचललं ते सवयीने. तो बांबू धरून रडत होता.

औषधवाल्यांनी चष्मा पुसला. "मावशी, माझं चुकलं."

"असू दे," मावशी म्हणाल्या. "माजा देव आला बाहेर. आता तुम्ही बसा जरा पान्यात."

हसण्याने होडी एवढी हलली की भावाला ओरडावं लागलं. थर्मासमधला चहा सर्वांना दोन-दोन घोट पुरला. मी मोजमापं घेतली, सरांनी रेखाटन केलं, औषधवाल्यांनी फोटो काढले. पावणेनऊला पाणी फिरलं. जाताना कुणी न सांगता सगळ्यांनी ओंजळी शिंपडल्या.

काठावर मावशींचं अर्धं गाव उभं होतं. भावाने होडीतूनच फोन केले होते. मावशी उतरल्या त्या गुडघे दुखत असल्यासारख्या मुळीच उतरल्या नाहीत. गर्दीतून सरळ पुढे गेल्या आणि बापाला ऊन लागलं होतं म्हणणाऱ्यांना एकेक करून फोटो दाखवत सुटल्या.

वहीतलं काहीही खोडायचं नाही, असा नियम आहे. लाल शेरा तसाच ठेवला. त्याखाली निळ्या शाईने लिहिलं: पुरावा पाहिला, पाच साक्षीदार. आधीची चूक वेळेची, सचिवाची. मावशींनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. पुरातत्त्व खात्याला फोटोंसह पत्र सोमवारी टाकलं. मऊ ब्रश धुऊन ठेवले. यादीतल्या कामांपुढे एकेक खूण झाली.

एक ओळ उरली आहे. दिसलेल्या होड्यांच्या खाली आणखी एक चौकट असावी, ती गाळात आहे. वर्षाने पाणी तेवढं उतरलं तरच हाताला लागेल. माझ्या जुन्या पद्धतीने मी तिथे ‘होड्या: दोन’ असं लिहिलं असतं. लिहिलंय ते असं:

होड्या चार. पैकी दोन पाहिल्या. उरलेल्या दोन मोजायच्या आहेत.