कपाळावर लिहिलेली वेळ

लोकांना एकच विचारायचं असतं. ‘मॅडम, तुम्ही गोळी चालवली का?’ नाही चालवली. मी मिलिटरी नर्सिंगमध्ये होते, कॅप्टन. ज्यांना गोळी लागायची ते आमच्याकडे यायचे. हे ऐकलं की समोरचा ‘अच्छा, नर्स!’ म्हणतो आणि चहाकडे वळतो. म्हणून एकदाच काय ते सांगून टाकते.

शेवटचं पोस्टिंग सीमेजवळच्या छोट्या फील्ड हॉस्पिटलात होतं. दोन बरॅक, ऑपरेशनचा तंबू, मागे हेलिपॅड. खोलीत माझ्याबरोबर लेफ्टनंट अंजू, सांगलीकडची. ड्यूटीवर मला मॅडम म्हणायची, खोलीत ताई. बेसूर गायची, आणि ‘गप गं’ म्हटलं की अजून मोठ्याने.

जखमी आला की काम ठरलेलं. हातापायातून रक्त उडत असेल तर जखमेच्या वर पट्टा करकचून आवळायचा. त्याला टूर्निके म्हणतात. मग जवानाच्या कपाळावर मार्करने मोठा इंग्रजी ‘टी’ काढायचा आणि पट्टा बांधल्याची वेळ लिहायची. पट्टा फार वेळ राहिला तर पाय जातो, म्हणून पुढच्या सर्जनला ते दिसलंच पाहिजे. ते कुणी पुसायचं नाही, ही ऑर्डर.

त्या दिवशी न्याहारीच्या वेळी पलीकडून शेलिंग, तोफगोळ्यांचा मारा, सुरू झालं. रेडिओ खरखरला.

‘केजुअल्टी फोर. दोन सीरियस. ओव्हर.’

‘रॉजर. पाठवा. ओव्हर.’

गाडीचं मागचं फळकं पाडलं तर आधी रक्तच खाली आलं. पहिल्याला जबडा नव्हता. दुसरा आपला तुटलेला हात दुसऱ्या हाताने छातीशी धरून बसला होता, कुणी पळवेल म्हणून जपावा तसा. अंजू त्याला पट्टा बांधून त्याच्या कपाळावर लिहीत होती. तेवढ्यात गाडीशेजारी शेल पडला.

कानात नुसती शिट्टी. तोंडात माती. हात धरून बसलेला जवान आता अर्धाच उरला होता. अंजू उताणी पडली होती, मांडी फाटलेली, रक्त उसळत होतं. मी तिच्या जांघेवर गुडघा रोवला आणि पट्टा आवळला. ती किंचाळली, मला बोचकारलं, मनगटाला कडकडून चावली. ‘पडून राहा!’ मी ओरडले. मार्कर कुठे उडाला होता कोण जाणे. मी तिच्याच रक्तात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळावर लिहिलं. टी. सात चाळीस.

हेलिकॉप्टर आलं. बेस हॉस्पिटलला पोचायच्या आत ती गेली.

कमिशनची, म्हणजे नोकरीची, मुदत संपली आणि मी घाटकोपरला घरी आले. सगळे म्हणाले, धडधाकट परत आलीस, देवाची कृपा. मीही म्हणायचे, मी ओके. कसली ओके, डोंबल! समोरची चाळ पाडून टॉवर उभा राहत होता. पाया ठोकायच्या पायलिंगचा ठोका पडला की मी सईला ओढून पलंगाखाली न्यायचे. सई माझी मुलगी, आठ वर्षांची. तिला तो खेळ वाटायचा.

मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. माझ्या आईने बिल्डिंगमधल्या बायका बोलावल्या. सगळ्यांचं झाल्यावर सई हट्टाला पेटली, ‘आईला मी लावणार!’ लाल बोट माझ्या कपाळाकडे आलं.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. मी तिला फरशीवर आपटलं. हात पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू गेला. तिच्यावर गुडघा रोवून मी ‘पडून राहा, पडून राहा’ ओरडत होते. तीन बायकांना मी आवरले नाही. शेवटी आईने पाण्याचा तांब्या माझ्या डोक्यात हाणला. ‘चेडवाक मारतलंस काय गो?’ पोरीला मारून टाकशील काय, असं आपल्या मालवणीत ओरडली.

सईचे बाबा तिला घेऊन दहिसरला आपल्या आईकडे गेले. जाताना म्हणाले, ‘तू आधी बरी हो. तोवर पोरीला मी इथे ठेवणार नाही.’ काय चुकीचं बोलले? मला त्यांचा राग आला नाही, माझीच भीती वाटली. माझी लेक मला परत मिळणार की नाही, दुसरं काही डोक्यात नव्हतं.

शेजारणी म्हणाल्या, बाहेरचं आहे, उतरवून घ्या. मी मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, हा आजार आहे, लढाईतून आलेल्या पुरुषांना होतो तसाच बायकांनाही. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. गोळ्या सुरू झाल्या. दर बुधवारी जाऊन तीच सकाळ पुन्हा बोलायची. एकदा मी त्यांचा पेपरवेट भिंतीवर भिरकावला. बाई म्हणाल्या, ‘पुढच्या बुधवारी या.’

गणपती झाल्यावर एका दुपारी सईचे बाबा तिला घेऊन आले. ती माझ्यापासून लांब, टीव्हीला टेकून बसली.

‘आई, मी काय केलं होतं?’

बाई गं! ‘तू काहीच नाही केलंस, बाळा.’ मग मी तिला अंजूबद्दल सांगितलं. फाटलेली मांडी वगळली, बाकी सगळं. टी, वेळ, माझं लाल बोट.

सईने माझ्या बोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, ‘तिचं कपाळ नंतर कोणी पुसलं?’

इतके बुधवार गेले, हे मला कुणी विचारलं नव्हतं. ‘माहीत नाही गं. मी नाही पुसलं. पुसायचं नसतं.’

‘ती गेल्यावर पण नाही?’

मी रडायला लागले. अंजू गेली तेव्हाही रडले नव्हते. नाक, डोळे, सगळं वाहत होतं आणि मी नुसतं तिचं नाव घेत होते. सई उठली, फ्रॉकचा घेर हातात धरून माझ्या तोंडाकडे आली. तिचे बाबा खुर्चीतून अर्धे उठले. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिने डोळे पुसले, गाल पुसले. मग कपाळ पुसलं, सावकाश, दोनदा.

‘हे अंजूमावशीचं,’ म्हणाली.