ओढून पाहणारे नाखवा

सर्व्हरवरचं काहीही पुसायचं म्हटलं, की नाखवा आधी चहा मागवायचे. पुसणं आठ दिवसांनी. ते मूळ सातपाटीचे. वडिलांची होडी भावाकडे गेली आणि यांच्याकडे बोईसरच्या आमच्या कारखान्यातला संगणक विभाग आला. पण सगळ्यांसाठी ते नाखवाच राहिले.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. हजेरी, गोदाम आणि कँटीन, तिन्ही कारभार त्या एकाच सर्व्हरवर चालत. कँटीन ठेकेदाराकडे गेलं आणि त्याचा प्रोग्राम काढायचं काम माझ्याकडे आलं. मी नवी, इंग्रजी शाळेत शिकलेली, कुणाशी बोलावं लागू नये म्हणून कामं पटापट उरकणारी. प्रोग्राम काढला आणि मागे उरलेल्या फायली पुसायला निघाले.

"थांब गो बाय! दोर कापायच्या आदी आमी ओढून बघतो, दुसऱ्या टोकाला काय हलतंय ते."

त्यांचं ओढणं म्हणजे फाईलच्या नावाला 'जुनी' जोडायचं, म्हणजे नेहमीच्या नावाने ती कुठल्याच प्रोग्रामला सापडत नाही, आणि कोण ओरडतं याची आठ दिवस वाट पाहायची. मला तो निव्वळ भित्रेपणा वाटला. तिसऱ्या दिवशी हजेरीवाले धावत आले. नव्या कामगारांची नावंच यादीत येत नव्हती. ती कँटीनच्या एका फाईलमधून घेतली जात होती. नाखव्यांनी 'जुनी' काढलं, माणसं परत आली.

"पुसली असतीस, तर सगळी बुडाली असती," ते म्हणाले आणि माझ्या नावावर चहा सांगितला.

निवृत्त होताना म्हणाले, "माझं खातं काडून टाक. मागं कचरा नको."

"आणि मला एकटीला काही अडलं तर?" ही भीती मला महिनाभर खात होती.

"मला इचारू नको. ओढून बघ."

मी त्यांच्या खात्याला 'जुनी' जोडलं. दुसऱ्या सकाळी पहिल्या पाळीची यादी छापलीच गेली नाही. गेटवर माणसं खोळंबली, साहेब माझ्याकडे बघत उभे. मी 'जुनी' काढलं आणि प्रिंटर सुरू झाला. यादी छापण्याचं काम नाखव्यांच्या खात्यातून चालत होतं. ते माझ्या खात्यावर घेतलं, त्यांचं पुन्हा 'जुनी' केलं आणि आठ दिवस थांबले. कुणी ओरडलं नाही. मग धीर करून सातपाटीला फोन लावला.

"हजेरी तुमच्या नावावर चालत होती."

"म्हंजे मी रिटायर झालोच नाय!"

"झालात. आता माझ्या नावावर चालते."

"मग पूस."

पुसलं. आधी चहा मात्र मागवला.