पायऱ्यांवरचं शेवाळ

अक्काची आणि माझी शेवटची भेट जळगावला, तिच्या घरी, वैशाखातल्या एका दुपारी झाली. बाहेर ऊन भाजून काढत होतं आणि आत खिडकीच्या फळीवर तिच्या बाटल्या उभ्या होत्या. तापीचं पाणी, गिरणेचं पाणी, कुठल्या कुठल्या पाझर तलावांचं पाणी… प्रत्येकात चिमूटभर शेवाळ. उजेड त्यातून हिरवा होऊन यायचा आणि फरशीवर हलत राहायचा. त्या उजेडात पाय सोडून अक्का डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात म्हणाली, "श्रावणात साक्रीकडे जाऊ रे, प्रकाश. यंदा येईल ते." आषाढात तिच्या शेजाऱ्यांचा फोन आला. पहाटे झोपेतच गेली. मी दुकानात कापड मोजत होतो, मीटरपट्टी हातात तशीच राहिली आणि समोरचं गिऱ्हाईक "काय झालं, भाऊ?" असं विचारत राहिलं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मी धुळ्यात वडिलांचं कापडाचं दुकान सांभाळलं, ती जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला गेली आणि तिथलीच झाली. वडिलांच्या, म्हणजे आमच्या भाऊंच्या, पायाची जखम साखरेमुळे चिघळली होती. एकामागून एक औषधं झाली, एकही लागू पडेना, शेवटी पाय काढावा लागला. ते गेल्यावर अक्कानं पाण्याचा नाद धरला. तिचं म्हणणं साधं होतं. जखमेतले जंतू आपल्या औषधांना जुमानत नाहीत, पण शेवाळ तर जन्मभर जंतूंच्या गर्दीतच राहतं, मग त्यानं स्वतःपुरता काहीतरी उपाय केलाच असेल की! मी चिडवायचो, "अक्का, खानदेशात लोकांना प्यायला पाणी मिळेना आणि तुला पाण्यावरचं शेवाळ हवं." ती म्हणायची, "तू आपलं कापड फाड." आणि रविवारी मीच गाडी काढायचो.

साक्रीच्या पलीकडे एका गावात दगडी पायऱ्यांचं तळं आहे. एका श्रावणात त्याच्या कोपऱ्यातल्या पायरीवरून तिनं निळसर हिरवं शेवाळ खरवडून आणलं. त्याच्या अर्काचा थेंब तिनं काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर टाकला, तर थेंबाभोवती स्वच्छ गोल उमटला. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. फोनवर ती हळूच म्हणाली, "भाऊंच्या पायातले होते ना, त्याच जातीचे रे…" पण आणलेलं शेवाळ थोडं होतं. ते तपासण्यांत संपलं, आणि वाढवायला ठेवलेलं मेलं.

पुन्हा आणायला निघालो तेव्हा मी आदल्या दिवशी गावातल्या आबांना फोन करून कळवलं. तिथेच घोटाळा झाला. आम्ही पोचलो तर पायऱ्या आरशासारख्या लखलखीत. सगळ्या गावानं मिळून चुना टाकून घासल्या होत्या. आबा कौतुकानं म्हणाले, "अक्का, तुम्ही येनार म्हनीसन बठ्ठ्या पायऱ्या घासी काढ्यात. तुमना पाय घसरी जाई ना."

माझा चेहरा पडला. अक्का मात्र वाकून पायरीवरून हात फिरवत म्हणाली, "छान केलंत, आबा." मग आबांच्या घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पोटभर जेवली. परतताना ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. कुसुंबा गावाशी मी तिच्याकडची काच खाली करायला वळलो, तेव्हा दिसलं की ती रडते आहे.

गावाला खरी गोष्ट पुढच्या वर्षी कळली. तेव्हापासून त्या कोपऱ्याला कुणी खराटा लावला नाही. अक्का दर श्रावणात जायची. पाण्यात पाय सोडून, ढगांच्या सावल्या तळ्यावरून जाताना बघत बसायची. शेवाळ यायचं, पण तसलं नाही. मग आम्ही परत यायचो…

यंदा मी एकटाच गेलो. नेमका कानबाई देवीच्या विसर्जनाचा सोमवार होता. डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया वाजतगाजत आल्या आणि कोपऱ्यातल्या सोयीच्या पायऱ्या सोडून, चिखल तुडवत लांबून पाण्यात उतरल्या. मी आबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "अक्का नही तं काय झायं, ती जागा तिनीच शे." मी त्या कोपऱ्यात गेलो. पाण्यालगतच्या पायरीवर बसलो. हाताला निळसर हिरवं लागलं. बाटली भरून मी थेट जळगाव गाठलं.

तिच्या विद्यार्थिनीनं, ती आता त्याच कॉलेजात शिकवते, थेंब टाकून बशी ठेवली. दोन दिवसांनी मला बोलावून दाखवली. सगळीकडे, थेंबाभोवतीही, जंतूंची सारखी पांढरट साय होती. "हे ते नाही, काका," ती म्हणाली.

मी बाटली मागून घेतली, नळाखाली धुतली आणि घरी आणली. आता ती दुकानात गल्ल्याशेजारी असते. गिऱ्हाईक विचारतं, ही रिकामी बाटली कशाला ठेवली? मी सांगतो, अक्काची आहे, श्रावणात भरायची आहे.