टेबलाशी दुसरं माणूस

आधी टेबलावर निळं कापड पसरायचं, मग दोन्ही तळवे मधोमध टेकवून ते कडेपर्यंत सावकाश ओढत न्यायचे. सुरकुती असो वा नसो, दर अर्ध्या तासानं हे चालायचं. कुणी "काका, चहाला चला" म्हटलं की तळवे तसेच ठेवून ते म्हणायचे, "टेबल सोडून कसं यायचं? कोण आलं म्हणजे?"

येत कुणी नसे, ही गोष्ट वेगळी.

तुम्ही संगणकवाल्यांच्या परिषदेला कधी गेला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात टेबलं मांडलेली असतात. मोठ्या कंपन्यांच्या टेबलांवर टी-शर्ट आणि पाण्याच्या बाटल्या वाटतात, तिथं ही झुंबड. आणि अगदी शेवटी, जिन्यापाशी एका टेबलामागं एकच माणूस बसलेला असतो, ज्याच्याशी नजरानजर होऊ नये म्हणून आपण चालता चालता उगाच मोबाइल काढतो. म्हैसूरला एका इंजिनिअरिंग कॉलेजात दरवर्षी होणाऱ्या परिषदेत तो माणूस म्हणजे हे काका.

त्यांचं टेबल एका ऑपरेटिंग सिस्टिमचं होतं. संगणक सुरू केल्यावर सगळ्यात आधी जागी होते आणि मग बाकीच्यांना कामाला लावते, ती ही मूळ प्रणाली. काकांची प्रणाली फुकट मिळणारी. जगभरची माणसं आपापल्या मोकळ्या वेळात मिळून ती बनवतात, कुणीही ती उघडून बघावी, चूक दिसली तर दुरुस्त करावी. गावोगावच्या परिषदांत तिचं टेबल कुणीतरी आपण होऊन लावतं. म्हैसूरचं टेबल काका लावत. गावातल्याच नजरबाद भागात एका सरकारी कचेरीत त्यांची नोकरी झाली, तिथंच ते संगणक शिकले आणि निवृत्तीनंतर हे घेऊन बसले.

कापड त्यांनी स्वतः शिवलेलं होतं. घराणं शिंप्यांचं, पिढ्यान् पिढ्या म्हैसुरात. प्रणालीचं बोधचिन्ह कापडावर कापड लावून इतकं सुबक शिवलं होतं की लोक ते छापलेलं समजत. मीही समजले होते, आणि तसं म्हटल्यावर त्यांनी कापडाची उलटी बाजू काढून टाके दाखवले.

मी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिते. मूळची कोल्हापूरची, नोकरीपायी इथं म्हैसुरात, गोकुलम भागात राहते, आणि परिषदेत हौसेनं नावनोंदणीच्या टेबलावर काम करते. फोनवर आईशी मोठ्यानं भांडत होते, तेव्हा नाव नोंदवायला आलेले हे समोर उभे राहिले. "तुमी मराठी काय? आमचं पण घरात मराठीच. स्वल्प मोडकं आहे, सांभाळून घ्या." माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस त्या दिवसापासून मला अक्का म्हणू लागला.

त्यांच्या टेबलाशी सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "टॉयलेट कुठंय?" तीन वर्षं उत्तर देऊन झाल्यावर त्यांनी कन्नड आणि इंग्रजीत बाण काढलेली एक सुंदर पाटी केली आणि टेबलावर ठेवली. दुपारपर्यंत त्यांच्याशी एकही माणूस बोललं नाही. जेवणानंतर पाहिलं तर पाटी गायब.

"काढली," ते म्हणाले. "विचारायला तरी येत होते, अल्वा? होय ना?"

मी खो खो हसले. घरी गेल्यावर मात्र ते हसू मला बोचलं.

आलेल्या माणसाला ते सोडत नसत, हेही खरं. एक मुलगी नुसता स्टिकर मागायला आली, तर तिला पाऊण तास बसवून प्रणालीचा जन्मापासूनचा इतिहास सांगितला. शेवटी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अंकल, माझी बस जाईल." मग दोन स्टिकर दिले.

आणि ह्या सगळ्यात त्यांनी एकही भाषण ऐकलं नव्हतं. टेबल सोडायचं नाही म्हटल्यावर ऐकणार कसं? भिंतीपलीकडून टाळ्या येत, तेवढंच. म्हणून प्रत्येक सत्र संपलं की मी बाहेर येऊन उभ्या उभ्या त्यांना सांगायचं आणि त्यांनी वहीत उतरवून घ्यायचं, असा आमचा रिवाज पडला. एकदा मला आत डुलकी लागली होती. मी आपलं काहीतरी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका वही उघडून हजर.

"अक्का, हे मी घरी करून बघितलं. होत नाही. त्यांनी असंच सांगितलं काय?"

"मी झोपले होते, काका."

"मग तसं सांगायचं. मी तेवढी जागा रिकामी सोडतो."

त्यानंतर मी जितकं लक्ष देऊन भाषणं ऐकली तितकं शाळेतही कधी ऐकलं नव्हतं.

काकांना हवं होतं ते एवढंच, की टेबलाशी बसायला दुसरं एक माणूस मिळावं. ते दर वर्षी कुणाकुणाला विचारत. कॉलेजची पोरं, कचेरीतले जुने सहकारी. सगळे म्हणत, "बघू." मलाही एकदा आडून विचारलं होतं, मीही तेच म्हटलं.

मग आयोजकांनी नियम काढला की प्रत्येक टेबलाला निदान दोन माणसं हवीत, फॉर्मवर दोघांची नावं हवीत. त्या वर्षी सकाळी मी गळ्यात घालायची ओळखपत्रं लावत बसले होते, तर माझ्या नावाची दोन निघाली. एक स्वयंसेवकाचं. दुसऱ्यावर खाली काकांच्या प्रणालीचं नाव.

माझा राग नाकावर असतो. तडक गेले.

"काका, हे काय?"

ते कापडावर हात फिरवत होते. "दोन नावं पाहिजेत म्हणाले."

"मला विचारायची पद्धत आहे की नाही?"

"विचारलं तर तुमी बघू म्हटलं असतं," ते म्हणाले. "बघू म्हणजे काय, ते आमाला इथं राहून पण कळतं, अक्का."

शेजारच्या टेबलावरची पोरं कान देऊन ऐकत होती, हसतही होती. त्यानं मी आणखी तापले. माझं नाव म्हणजे काही त्यांची फुकटात वापरायची प्रणाली नाही, असं काहीतरी मी बोलले. तसंच आयोजकांकडे गेले आणि यादीतून नाव खोडायला लावलं. त्या वर्षी त्यांनी टेबल राहू दिलं. मी दोन दिवस त्या बाजूला फिरकले नाही, भाषणांत काय झालं ते सांगायलाही नाही.

पुढच्या वर्षी फॉर्मवर एकच नाव होतं, म्हणून टेबल मिळालं नाही. जिन्यापाशी कॉफीचं मशीन लावलं होतं.

काका तरीही आले, साधे श्रोते म्हणून. माझ्या शेजारी येऊन बसले. "सॉरी काका," मी म्हटलं. ते म्हणाले, "परवागिल्ला," म्हणजे चालायचंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते सभागृहात बसून भाषण ऐकत होते. वही उघडी होती, पेन हातात होतं, पण लिहिलं काहीच नाही. जेवणाच्या रांगेत मला म्हणाले, "तुमच्या तोंडून ऐकलेलं जास्ती चांगलं होतं." दुपारनंतर ते दिसले नाहीत, आणि मीही शोधलं नाही. पुढं महिने गेले. भेटायला जायचं, नीट माफी मागायची, असं मनात होतं. ते राहत ते चामराजपुरम काही दूर नाही, स्कूटरवर पंधरा-वीस मिनिटं.

आणि एक दिवस ऑफिसात ईमेल आलं. कुठल्याशा थंड देशात बसून काकांची प्रणाली बनवणाऱ्या एका बाईंचं. नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. त्यांनी लिहिलं होतं, की हे गृहस्थ आमच्या प्रत्येक पत्राला एका दिवसात उत्तर देतात. आता तीन आठवडे झाले, काही नाही. आम्हाला काळजी वाटते. प्रणालीच्या वेबसाइटच्या पानावर म्हैसूरच्या टेबलाची दुसरी व्यक्ती म्हणून तुमचं नाव आणि ईमेल आहे, म्हणून तुम्हाला त्रास देते आहे.

इथल्या यादीतून मी माझं नाव खोडलं होतं. तिकडच्या पानावरून काकांनी ते काढलंच नव्हतं.

तशीच उठून गेले. घराखाली त्यांच्या पुतण्याचं शिवणकामाचं दुकान आहे. गळ्यात टेप टाकून तो ब्लाउजचं माप लिहून घेत होता.

"काका गेले," तो म्हणाला. "वीस दिवस झाले. हार्ट. कुणाकुणाला सांगायचं ते आमाला ठाऊकच नव्हतं. त्यांचे लोक सगळे त्या कंप्युटरमधे."

मी दुकानाच्या पायरीवर बसले. त्यानं पाणी आणून दिलं. सातासमुद्रापलीकडच्या एका बाईला काकांची आठवण झाली होती, आणि मी ह्याच गावात असून मला पत्ता नव्हता. मला माझीच लाज वाटली.

घरी येऊन त्या बाईंना उत्तर लिहिलं. काका गेले, झोपेत गेले, त्रास झाला नाही, असं पुतण्यानं सांगितलेलं सगळं लिहिलं. खाली माझं नाव.

दुसऱ्या दिवसापासून पत्रं येऊ लागली. त्यांनी माझं उत्तर सगळ्यांना पाठवलं होतं. कोण कुठली माणसं, एकानंही काकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. कुणी लिहिलं, त्यांनी माझी एक चूक चार वेळा समजावून सांगितली होती. कुणी लिहिलं, त्यांच्या पत्रांत तुमचा उल्लेख नेहमी असायचा, सभागृहात काय बोलणं झालं ते तुम्ही त्यांना सांगता म्हणून. आणि सगळ्यांनी शेवटी माझंच सांत्वन केलं होतं. त्या थंड देशातल्या बाईंनी लिहिलं, "इतकी वर्षं तुम्ही दोघांनी मिळून ते टेबल सांभाळलंत. आता तुम्हाला तिथं फार एकटं वाटत असेल."

मी प्रत्येकाला आभार मानून उत्तर पाठवलं. मी त्या टेबलाशी एक तासही बसले नव्हते, हे मात्र अजून कुणालाच लिहिलेलं नाही.